चुडा अकरानंतर

सव्वासात वाजता मी गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसले होते आणि आमचे हे दारात उभे राहून मला घड्याळ सांगत होते.

"सव्वासात झाले."

"मला घड्याळ कळतं."

"देशमान्यांकडं आठला पोचायचंय म्हणून म्हटलं. बोटं वळली का?"

"वळली असती तर इथं हात शिजवत बसले असते का? जा, बांगड्यांची पेटी बांधून ठेवा."

ते गेले. मी पाण्यातच मूठ वळून बघितली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कसंबसं जवळ आलं, बाकीची तीन तशीच ताठ. दीड वर्ष झालं होतं या गोष्टीला. दीड वर्षापूर्वी श्रावणात आमच्या बार्शीच्या गल्लीत चिकनगुनियाचा ताप आला आणि घरटी एक तरी माणूस आडवं पडलं. मला चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी उतरला, आणि मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय. ताप गेला, पण सांध्यांत बिऱ्हाड करून गेला. सकाळी उठलं की भिंत धरत मोरीपर्यंत जायचं. बरणीचं झाकण ह्यांच्याकडून उघडून घ्यायचं. पोळ्या लाटताना दात आवळून धरायचे. दहाच्या सुमाराला जरा सैल पडायचं, आणि अकरा वाजले की बोटं पुन्हा माझी व्हायची. संध्याकाळपर्यंत तर मी अगदी धडधाकट. मग दुसऱ्या दिवशी सकाळी परत पहिला पाढा.

रक्त तपासून झालं होतं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काहींना महिने लागतात, काहींना वर्षं. मी विचारलं, "मी कुठल्या काहींमधली?" ते हसले. मला काही हसू आलं नाही.

दुसरी बाई असती तर तिनं गावभर रडगाणं गायलं असतं. मला ती सोय नव्हती, कारण मी कासारीण. आधी सासूबाई आणि त्यांच्यामागं मी, आमच्या घरानं बार्शीतल्या किती नवरीमुलींचे चुडे भरले असतील त्याला गणती नाही. आणि ते कसे, तर साबण नाही, तेल नाही, नुसत्या हातानं. नवरीचा अंगठा आत दुमडायचा, हाताची हाडं आपल्या मुठीत अशी गोळा करायची की बांगडी अलगद वर सरकली पाहिजे. मनगटावर घट्ट बसली पाहिजे आणि चढताना एकही वाढता कामा नये. बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो, आणि नवरीच्या चुड्यातली वाढली तर बायका त्या कासारणीला पुढची वीस वर्षं लक्षात ठेवतात. जिची मूठ वळत नाही ती कसली कासारीण?

म्हणून मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. सकाळचं कोणी बोलावलं की म्हणायचं, "अकरानंतर भरते हं. सकाळी दुकान लावायचं असतं." दीड वर्ष हे वाक्य चाललं. कोणाला संशय आला नाही, निदान माझी तशी समजूत होती.

देशमान्यांच्या वृषालीचा चुडासुद्धा मी दुपारी बाराचाच ठरवला होता. पण आदल्या संध्याकाळी तिच्या आईचा, कुसुमवहिनींचा फोन आला. लग्न परवाचं होतं तरी लातूरचे पाहुणे उद्या पहाटेच येणार, त्यांच्यात हळद दहाला लागते, चुडा त्याच्या आधी भरून व्हायला हवा, तेव्हा आठला या. मी अकराचं वाक्य म्हणून बघितलं. वहिनी काकुळतीला आल्या. "मालाताई, माझ्या विहीणबाई रीतीला फार कडक आहेत हो. एवढ्या वेळी नाही म्हणू नका."

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "मंगलला पाठव."

मंगल म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीर-जावेचं दुकान वेशीजवळ. तिची मूठ लोहाराच्या सांडशीसारखी, आणि वर साबणाचं पाणी बरोबर घेऊन फिरते. एकदा तिला पाठवलं की गावाला तिची सवय लागणार, हे काय मला कळत नव्हतं?

"मी जिवंत आहे अजून," मी म्हटलं, आणि पहाटे पाचलाच उठून पाणी तापवलं. त्या रात्री मला झोप अशी आलीच नव्हती.

आठला पाच मिनिटं कमी असताना मी देशमान्यांच्या दारात होते. हात पदराखाली. मांडव पडलेला, बायकांची लगबग, चहाच्या कपांचा आवाज. ओसरीवर सतरंजी अंथरली होती, आणि पाटावर वृषाली बसली होती. अंगावर हिरवी साडी, चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा. मला वाटलं, नवरीच ती, झोपेल कशी.

तिच्या समोर तिच्या होणाऱ्या सासूबाई, शालिनीबाई. उंच बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि डबा उघडला. चुडा सासरकडून आणायची त्यांची रीत होती, म्हणून महिन्यापूर्वी वृषाली माझ्या दुकानात माप द्यायला आली होती. तिचा हात हातात घेऊन मी डोळे मिटून सांगितलं होतं, दोन-चार, म्हणजे सव्वादोन इंची. कागदावर तसं लिहूनही दिलं होतं.

"एकवीस आहेत," शालिनीबाई म्हणाल्या. "वर दोन जास्तीच्या. तुम्ही दिलेल्या मापाच्याच."

"मग काळजी नाही," मी म्हटलं.

मी वृषालीचा डावा हात घेतला. भरताना बाईला बोलण्यात गुंतवायचं, हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. बाई बोलायला लागली की हात सैल सोडते.

"नवरा काय करतो गं?"

"पॉलिटेक्निकला शिकवतात."

"मग तुला फळ्यासमोर उभी करणार बघ."

बायका हसल्या. वृषाली हसली नाही. मी अंगठा दुमडला आणि मूठ आवळली. म्हणजे आवळायला गेले. मुठीत जोर यायच्या आधी मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. पहिली बांगडी कशीबशी चढली. दुसरीला मी ओठ चावला. समोर वृषालीनंही श्वास आत ओढला आणि हात लाकडासारखा केला.

मला राग आला. माझी कळ मी सोसतेय आणि ही बाईसाहेब नुसत्या दाबल्यानं आखडतेय. "हात सोड गं," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. "एवढं नाजूक राहून संसार कसा करायचा?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी तिसरी बांगडी घेतली, नेटानं रेटली, आणि ती वाढली.

वृषालीच्या अंगठ्याच्या मुळाशी बारीक लाल रेघ उमटली. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "वाढली वाटतं." कुसुमवहिनींच्या तोंडचा रंगच उडाला.

"माप दोन-चार, असं तुम्हीच लिहिलं होतं ना?" शालिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मग हात मोठा कसा झाला?"

"पहाटेपासून उठलीय, दगदगीनं सुजला असेल जरा," कुसुमवहिनी घाईघाईनं म्हणाल्या.

मी काचा वेचायला वाकले. वृषालीही वाकली, रक्त पुसायचं निमित्त करून. आणि माझ्या कानाशी, अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकी, अकरानंतर भरता येईल का हो?"

माझे हात काचांवरच थांबले.

ते माझं वाक्य होतं. दीड वर्ष ज्याला त्याला ऐकवलेलं, माझं.

मी तिचा हात पुन्हा हातात घेतला, या वेळी न दाबता. बोटांच्या पेरांवर माझा अंगठा फिरवला. गरम होती पेरं. मधल्या बोटाचं फुगलेलं, मनगटाला बाहेरच्या बाजूला मऊ सूज. रोज सकाळी पातेल्यात मी जे हात बघत होते तेच हे हात, फक्त पंचवीस वर्षांनी तरुण. आणि मग मला ती माप द्यायला आली तेव्हाची वेळ आठवली. दुपारचे चार. दुपारी चारला माझाही हात दोन-चारचाच असतो. सकाळी तो कितीचा असतो हे बार्शीत माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि मी डोळे मिटून माप सांगितलं होतं.

मी वर बघितलं. कुसुमवहिनी माझ्याकडेच बघत होत्या. हात जोडायचे तेवढे बाकी होते. काय ते मला लख्ख कळलं. ताप आला तेव्हा गल्लीत देशमान्यांकडंही आला होता. लातूरला सांगितलं असेल, साधा ताप होता, गेला. सूनबाई कायमची दुखणेकरी आहे असं लग्नाच्या आदल्या दिवशी विहीणबाईंना कळलं तर काय होईल, याचा विचार ती माउली महिनाभर करत असणार.

"हातात जोर दिसत नाही तुमच्या," शालिनीबाई मला म्हणाल्या. "इथं दुसरी कासारीण आहे का कोणी?"

"वेशीजवळ मंगल आहे," एक बाई लगेच म्हणाली. "बोलावू?"

बास. मंगल येणार, साबणाच्या पाण्यात हात बुडवणार आणि सांडशीनं पकडल्यासारखा हा हात पकडणार. पोरगी किंचाळणार आणि सगळ्या ओसरीला कळणार. नाहीतर मीच सांगून टाकायचं. "अहो, हात हिचाच दुखण्यानं सुजलाय, बघा की," एवढं एक वाक्य मी म्हटलं असतं तर माझी मूठ, माझं नाव, सगळं शाबूत राहिलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. दीड वर्ष मी ज्या गोष्टीसाठी पहाटे पातेल्यात हात घालत होते ती गोष्ट एका वाक्यावर होती.

मी वृषालीचा हात सोडला आणि माझे दोन्ही हात शालिनीबाईंच्या पुढं धरले.

"तिचा हात बरोबर आहे, बाई. माझे हात बघा. मला चिकनगुनिया झाला होता. दीड वर्ष झालं. सकाळी बोटं वळत नाहीत, अकरापर्यंत मूठ होत नाही. कोणाला सांगितलं नाही, कारण हाच माझा धंदा. आज हट्टानं आले, बांगडी माझ्यामुळं वाढली. पोरीचा काही दोष नाही."

मी मूठ वळून दाखवली. तीन बोटं वर उभीच राहिली. बायका बघत होत्या. गावातल्या निम्म्या बायकांचे हात या हातांतून गेलेले, त्यात आमच्या गल्लीतल्याही पाच-सहा जणी होत्या, आणि त्या माझ्याकडं असं बघत होत्या की मला तिथल्या तिथं उठून जावंसं वाटलं.

शालिनीबाईंनी चष्मा लावला. माझे हात नीट बघितले. "मग दुसरीला बोलवायला हवं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट कीवच असावी. ती मला जास्त झोंबली.

"बोलावता येणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"ज्या हातानं चुडा सुरू झाला त्याच हातानं पुरा करायचा असतो. मध्ये हात बदलत नाहीत. आमच्यात तशी रीत आहे."

अशी रीत कुठंही नाही. माझ्या सासूबाईंनी कधी ऐकली नव्हती, त्यांच्या सासूबाईंनीही नसेल. ती मी तिथं सतरंजीवर बसून, गुडघे दुखत असताना बनवली. पण रीत म्हटल्यावर शालिनीबाई थांबल्या. कडक माणसाला रीतीनंच अडवावं लागतं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"अकरा वाजता भरते. एकही वाढणार नाही."

"आणि हळद?"

"हळद बाराला लावा. मुहूर्त अक्षतेला आहे, हळदीला कुठं आहे?"

त्यांनी बांगड्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग बायकांकडं वळून म्हणाल्या, "पोहे करायला घ्या. अकरा वाजेपर्यंत काय उपाशी बसणार?"

कुसुमवहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. न विचारता गरम पाण्याचं पातेलं आणून समोर ठेवलं, वर मूठभर मीठ टाकलं. तेवढ्या सरावानं आणलेलं पातेलं बघून मला समजायचं ते समजलं. "मालाताई," एवढंच त्या म्हणाल्या. पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

थोड्या वेळानं वृषाली साडी बदलायचं निमित्त करून आत आली. तिनं कडी लावली, माझ्यासमोर खाली बसली आणि त्याच पातेल्यात आपले हात घातले. पाण्यात आमची वीस बोटं एकमेकांना लागत होती.

"तुम्हाला वाटलं ना, ही नुसती नाजूकपणा करतेय," ती म्हणाली.

"वाटलं. तोंड फाटकं आहे माझं, मनावर घेऊ नकोस."

"सगळ्यांना तेच वाटतं. ऑफिसात म्हणतात, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत."

"मला माझा नवरा म्हणतो. आता दीड वर्ष झालं ना, अजून कसं दुखतंय? जसं काही मीच त्याला धरून ठेवलंय."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मी दारावरच्या घड्याळाकडं बघत होते. नऊ वाजून वीस. मिनिटं हलत नव्हती. मी पाण्यात मूठ करायची, सोडायची, पुन्हा करायची. जीव नुसता टांगणीला. अकरालाही वळली नाही तर? एखादा दिवस असा असायचा की दुपारपर्यंत वळायची नाही. मग बाहेरच्या बायका काय म्हणतील याचा विचार मनात आला की मी तो झटकायची आणि पुन्हा घड्याळ बघायची.

"गं पोरी," मी शेवटी म्हटलं, कारण ते मला आतून टोचत होतं. "तुझ्या नवऱ्याला हे कळल्यावर? आज मी झाकलं, उद्या सकाळी उठून तू पातेलं शोधशील, तेव्हा?"

"त्यांना माहीत आहे."

"काय?"

"साखरपुड्याच्या आधीच सांगितलं मी. म्हणाले, सकाळचा चहा मी करत जाईन." तिचे कान लाल झाले. "आईला हे माहीत नाही. ती उगाच घाबरून लपवत बसलीय. आणि सासूबाईंना आपण सावकाश सांगू, असं त्यांनीच ठरवलंय."

चोवीस वर्षांच्या पोरीनं ज्याला सांगायला हवं त्याला सांगून टाकलं होतं. लपवत होतो आम्ही थोरल्या बायका. त्यातली एक मी, तीही दीड वर्ष, स्वतःच्या गल्लीपासून. मला लाज वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं.

पुढं काय झालं तेही सांगून टाकते, म्हणजे मागं राहायला नको. संध्याकाळच्या आत गावभर झालं की मालाकासारणीचे हात गेले. त्या उन्हाळ्यातले ठरलेले चार चुडे मंगलकडं गेले. मी आठ दिवस कोणाशी धड बोलले नाही, ह्यांच्याशी तर नाहीच. नवव्या दिवशी दुकानात गेले तर ह्यांनी रंगाऱ्याकडून पाटी करून लावलेली, "चुडा अकरानंतर भरून मिळेल." मी म्हटलं, "विचारायचं तरी." ते म्हणाले, "तू बोलत नव्हतीस, विचारू कोणाला?" पाटी तशीच राहिली. मग एक-एक बाई यायला लागली. कोणी बांगड्या भरायला, कोणी नुसतीच, काउंटरवर हात ठेवून विचारायला, "मालाताई, तुमचं सकाळी असंच होतं का हो? मी घरी कोणाला बोलले नाही." एकट्या आमच्या गल्लीतून सात जणी निघाल्या. आता सोळा वर्षं झाली. माझी मनगटं सुटली, घोटे सुटले, उजव्या हाताचं मधलं बोट तेवढं थंडीत अजून सकाळी रुसतं. आणि मागच्या वर्षी एका लग्नात मी माझ्या कानांनी ऐकलं, मंगल एका नवरीच्या आईला सांगत होती, "ज्या हातानं चुडा सुरू होतो त्याच हातानं पुरा करतात. आमच्यात पूर्वापार रीत आहे."

पण त्या दिवशी यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. अकरा वाजायला दोन मिनिटं असताना मी ओसरीवर येऊन बसले. बोटं वळत होती. वृषालीचा हातही उतरला होता. तरीही मी दाबत नव्हते, तिच्या पेरांवरून बांगडी नुसती वाट काढत नेत होते. कुठल्या पेरापाशी थांबायचं, कुठं श्वास घेऊ द्यायचा, हे माझ्या सासूबाईंनी शिकवलेलं नव्हतं, ते दीड वर्षात मला माझ्याच हातांनी शिकवलं होतं. शालिनीबाई चष्मा लावून शेजारीच बसल्या होत्या आणि एक-एक बांगडी मोजत होत्या. डाव्या हातात अकरा. उजव्यात नऊ. एकही वाढली नाही.

शेवटची बांगडी मी हातात घेतली, तेव्हा बायका गाणं म्हणायला लागल्या होत्या. त्या गोंगाटात वृषाली पुढं वाकली.

"काकी," ती म्हणाली, "हे जातं का हो कधी?"

दीड वर्ष ज्यानं त्यानं मला विचारलं होतं, बरं आहे ना आता, आणि मी ज्याला त्याला म्हटलं होतं, हो, अगदी बरं आहे. तिचा हात माझ्या मुठीत होता. तिला खोटं सांगायला माझी जीभ वळेना.

"माझं तर अजून गेलं नाही," मी म्हटलं. "पण अकरा रोज वाजतात."

मग तिनं हात सैल सोडला, आणि मी एकविसावी बांगडी चढवली.